बॉम्ब पडत असताना सौंदर्यस्पर्धा? वर्गातल्या एका प्रश्नाचं उत्तर हवंय

वर्गशिक्षिका

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात युगोस्लाव्हियाचं विघटन घेत होते. नुसते नकाशे आणि सनावळ्या नकोत म्हणून प्रोजेक्टरवर काही फोटो दाखवले. त्यातला एक तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. रंगमंचावर पोहण्याच्या पोशाखातल्या डझनभर तरुण मुली, अंगावर आडवे पट्टे, आणि सगळ्यांनी मिळून समोर धरलेला एक लांब फलक. त्यावर इंग्रजीत, 'डोन्ट लेट देम किल अस'. त्यांना आम्हाला मारू देऊ नका. दिवस २९ मे १९९३, शहर सारायेव्हो, बोस्निया. शहराला बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा पडून वर्ष उलटून गेलेलं, आणि तोफगोळ्यांपासून जपून तळघरात भरवलेली ही स्पर्धा. नावच होतं 'वेढ्यातल्या सारायेव्होची सुंदरी'.

वर्ग गप्प झाला. मग दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, घरोघरी माणसं मरत असताना यांना नटावंसं वाटलं तरी कसं?"

मुलगी उद्धट नाही, वर्गात सगळ्यात कमी बोलणारी आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे वडील गेले. त्यामुळे प्रश्न उडवून लावता येईना आणि उत्तरही सुचेना. "पुढच्या तासाला बोलू" म्हणून मी वेळ मारून नेली, आणि तेव्हापासून चुटपुट लागून राहिली आहे.

आकडे मला ठाऊक आहेत. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, १,४२५ दिवसांचा वेढा. साडेअकरा हजारांच्या आसपास माणसं गेली, त्यात दीड हजारांहून जास्त मुलं. मला विचारायचंय ते वेगळं. त्या शहरात तेव्हा राहणाऱ्यांना या स्पर्धेबद्दल काय वाटलं होतं? तिथल्या कोणाशी तुमचा परिचय आहे का?

कोपऱ्यावरचा

मॅडम, मला तुमच्या विद्यार्थिनीचं म्हणणं पटतं, आणि ते मोकळेपणानं सांगतो.

डिसेंबर १९७१ मध्ये मी ९ वर्षांचा होतो, गिरगावात. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवलेले, भोंगा वाजला की चाळभर अंधार. त्याच आठवड्यात आत्याचं लग्न होतं. आजीनं वाजंत्री बंद केली. "सीमेवर पोरं मरताहेत आणि आपल्या दारात सनई?" चार माणसांत, भर दुपारी लग्न लागलं. ते मला आजही बरोबर वाटतं.

दुसरं असं की लढाई चालू असताना मुलींच्या रूपाचा वापर होतोच. १९४३ ची मिस अमेरिका जीन बार्टेल देशभर फिरली आणि तिनं २५ लाख डॉलरचे युद्धरोखे विकले. काम चांगलं असेल, पण मुकुट घालून रोखे विकायला पाठवायची ती मुलगीच. सारायेव्होत विदेशी कॅमेरे होते म्हणूनच ही स्पर्धा झाली असणार. मुलींना ओळीत उभं करून गुण देणं मला शांततेतही खटकतं, मग युद्धात तर जास्तच.

उत्तरेकडची

मॅडम, मी मूळची साताऱ्याची, गेली १९ वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला आहे. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळच्या पाळीला माझ्याबरोबर जी असते ती सारायेव्होची. १९९३ मध्ये ती १६ वर्षांची होती. काल भांडी लावताना तुमचा प्रश्न मी तिला वाचून दाखवला. तिनं हातातलं ताट ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली, "त्या मुलीला सांग, आम्ही काही स्पर्धेसाठी नटलो नव्हतो. आम्ही पाण्याला जातानासुद्धा नटूनच जायचो."

ती स्पर्धेत नव्हती, बघायलाही गेली नव्हती. त्यांचं घर जुन्या शहराच्या अंगाला, आणि पाणी मिळायचं नदीपलीकडच्या बीअरच्या कारखान्यातून. तिथे खाली झरा आहे, म्हणून नळ कोरडे पडल्यावर अर्धं शहर तिथेच रांग लावायचं. ५-५ लिटरचे कॅन, ते वाहायला लहान मुलांची बाबागाडी नाहीतर बर्फावरची घसरगाडी, आणि मध्ये मिल्याच्का नदीवरचा पूल. पुलावर नेमबाजाची नजर. भिंतींवर रंगानं लिहिलेलं असायचं, 'पाझी, स्नायपर', म्हणजे जपून, नेमबाज आहे. तिथून पळायचं, भरलेले कॅन घेऊन.

त्या रांगेत बायका ओठ रंगवून यायच्या. लिपस्टिक कधीच संपलेली, नळीच्या तळाशी राहिलेलं काडेपेटीच्या काडीनं कोरून लावायचं. तिची आई एका कार्यालयात कारकून होती. पगाराला काही अर्थ उरला नव्हता, कधी सिगारेटची पाकिटं मिळायची. शहरातला तंबाखूचा कारखाना वेढ्यातही चालू होता आणि सिगारेट हेच चलन झालं होतं. तरी आई रोज कामावर जायची. वीज नाही म्हणून रात्री ब्लाउज घडी घालून गादीखाली ठेवायची, सकाळी तो सरळ झालेला असायचा. (आमच्याकडे तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे. तिथे निखाऱ्याची चैन नव्हती. पहिल्याच हिवाळ्यात बागांमधली झाडं तोडून जाळली होती, मग जुने बूट, मग पुस्तकं.) उंच टाचांचे बूट घालून ती वाटेतला नेमबाजांच्या नजरेतला चौक धावत ओलांडायची. माझी ही मैत्रीण आईवर चिडायची, सपाट बूट घाल म्हणायची. आईचं ठरलेलं उत्तर, "रस्त्यात पडलेच तर गबाळी पडणार नाही."

त्यांच्याकडे एक शब्द आहे, 'इनात'. तुर्कांच्या राज्यात तिकडे पोचलेल्या शब्दांपैकी. दुकानाला ते 'दुचान' म्हणतात, साबणाला 'सापून', त्यामुळे आमची दोघींची पहिली ओळखच शब्द जुळवण्यात झाली. 'इनात' मात्र जुळेना. मी आधी हट्ट म्हणाले, मग जिद्द. शेवटी 'ईर्षेला पेटणं' समजावून सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली. तुम्ही मला जनावरासारखं बिळात राहायला लावताय ना, मग मी केस विंचरून, पावडर लावून, तुमच्या दुर्बिणीसमोरून चालत जाईन. तेच ते. त्या शहरात मेणबत्त्यांच्या उजेडात नाटकं झाली. 'ओस्लोबोजेन्ये' हे दैनिक छपाईची इमारत तोफांनी उद्ध्वस्त केल्यावरही तळघरातून निघत राहिलं. स्पर्धा त्यातलीच एक गोष्ट.

सगळ्यांना ती आवडली होती असं मात्र नाही, मॅडम, आणि तुमच्या मुलीला हे जरूर सांगा. मैत्रिणीचे वडील दोन दिवस धड बोलले नाहीत. त्यांच्या भावाला त्यांनी ऑलिम्पिकच्या मैदानाशेजारी पुरलं होतं. १९८४ चं हिवाळी ऑलिम्पिक याच शहरात झालं होतं, आणि स्मशानं पुरेनात तेव्हा त्या मैदानांतही थडगी आली. भाऊ तिथे आणि पोरी पोहण्याच्या कपड्यांत रंगमंचावर, हे त्यांना सहन झालं नाही. आई मात्र शेजारणीकडून खोदून खोदून विचारत होती, कोणी काय घातलं होतं, शिवायला कापड कुठलं मिळालं. एकाच घरात एकाच दिवशी ही दोन माणसं होती. दोघांचंही खरं होतं असं ती म्हणते.

आता तारखा बघा, तुम्ही राज्यशास्त्राच्या आहात म्हणून. ६ मे १९९३ ला सुरक्षा परिषदेनं ठराव ८२४ करून सारायेव्हो 'सुरक्षित क्षेत्र' जाहीर केलं. २९ मेला ही स्पर्धा. १ जूनला, बकरी ईदच्या सुट्टीत, दोब्रिन्या वस्तीतल्या मुलांनी इमारतींच्या आडोशाला फुटबॉलचे सामने ठेवले होते. जागा मुद्दाम नेमबाजांना दिसणार नाही अशी निवडलेली. तिथे दोन तोफगोळे पडले. दहाहून जास्त माणसं मेली, शंभरच्या आसपास जखमी झाली. वेढा घालणाऱ्या सैन्याचा तेव्हाचा सेनापती स्तानिस्लाव गालिच याच्यावर हेगच्या न्यायालयात जो खटला चालला त्यात हा हल्ला होता. नागरिकांमध्ये दहशत पसरवण्याच्या गुन्ह्यासह त्याला शिक्षा झाली, आणि २००६ मध्ये अपिलात ती जन्मठेपेची झाली.

त्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांना आजवर कोणी विचारलं नाही की घरोघरी माणसं मरत असताना तुम्हाला खेळावंसं वाटलं तरी कसं. त्यांच्याबद्दल आपण हळहळतो. हाच प्रश्न मुलींच्या वाट्याला येतो, आणि तो फक्त तुमच्या वर्गात येत नाही, मीही पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मनात हेच आलं होतं. हे कुठून येतं ते मला माझ्या घरातून माहीत आहे.

माझ्या थोरल्या काकूला अबोलीचं फार वेड. काका गेले तेव्हा ती ३८ वर्षांची होती. शेजारच्या बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मी दाराआडून पाहिलं आहे. त्यानंतर अबोलीची झाडं तिनं तशीच जपली. रोज सकाळी फुलं खुडायची, गजरे विणायची आणि आम्हा पोरींना, सुनांना, भाडेकरणीला वाटायची. स्वतःच्या केसांत एक फूल नाही. दुःख झालेल्या बाईनं दुःखी दिसलंच पाहिजे, नाहीतर तिला दुःख झालंच नाही असं धरायचं. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी मुद्दाम इथून फोन केला. काकूनं सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं गं. पण माझी आता सवय गेली," म्हणाली. गजरा तिनं नाहीच घातला.

कोपऱ्यावरचे काका, तुमचा राग मला कळतो. गुण देण्याबद्दल तुम्ही म्हणता ते मलाही टोचतं. कॅमेऱ्यांसाठी होतं, हेही खरं. पण तो फलक वाचा. तो त्यांच्या भाषेत नाही, इंग्रजीत आहे. 'त्यांना' म्हणजे त्रेबेविच डोंगरावरून तोफा डागणारे. 'आम्हाला' म्हणजे या मुली. आणि 'देऊ नका' हे कोणाला? फोटो बघणाऱ्याला. १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी होती, त्यामुळे शहराला लढायला शस्त्रं मिळेनात, आणि मृतांचे फोटो बघून बघून जग सरावलं होतं. रांगेत मेलेल्या बाईचा फोटो बघून कोणी थांबत नव्हतं. या मुलींचा बघून थांबलं. त्यांच्याकडे तेवढंच होतं, ते त्यांनी वापरलं. दुसऱ्या कोणी त्यांना वापरण्यापेक्षा हे मला वेगळं वाटतं.

मॅडम, एक विचारू? तुमच्या त्या मुलीला घरी कोणी नटू नकोस म्हणालंय का?

जुना शिपाई

बाईंना उपयोग होईल म्हणून एवढंच. संयुक्त राष्ट्रांची जी शांतिसेना युगोस्लाव्हियात गेली, तिचे पहिले सेनापती भारतीय होते, लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ते आमच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, ७१ च्या लढाईतले वीरचक्रधारी. मार्च १९९२ ते मार्च १९९३ ही जबाबदारी त्यांच्याकडे होती. म्हणजे वेढ्याचं पहिलं वर्ष त्यांच्या काळातलं. शांतिसेनेला आज्ञा होती मदत पोचवण्याची, वेढा फोडण्याची नव्हे. सैनिकाला असं उभं राहणं किती जड जातं ते मुलांना सांगा. विमानतळ त्यांच्या ताब्यात, औषधं-धान्य उतरतंय, आणि टेकडीवरच्या तोफा तिथेच.

माटुंगा_पूर्व

रीटा फारिया आठवली. मूळ गोव्याचं कुटुंब, मुलगी मुंबईची, ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी. नोव्हेंबर १९६६ मध्ये लंडनला मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली. आमच्या घरी ही गोष्ट अभिमानानं सांगतात. पण महिन्याभरातच तिला अमेरिकन विनोदी कलाकार बॉब होप यांच्या पथकाबरोबर व्हिएतनामला अमेरिकन सैनिकांच्या नाताळच्या कार्यक्रमांना नेलं, ते घरचे सांगत नाहीत. १९५४ च्या जिनिव्हा करारानुसार व्हिएतनाममधल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं. आपण तटस्थ पंच, आणि आपली मुलगी एका बाजूच्या छावणीत रंगमंचावर. दिल्लीत मोठी नाराजी झाली.

मला तिचा दोष वाटत नाही. मुकुटाबरोबर जो करार येतो त्यात कुठे जायचं हे दुसरेच ठरवतात. वर्ष संपल्यावर तिनं ते सगळं सोडलं, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिकली आणि डॉक्टर झाली. उत्तरेकडच्या ताई म्हणतात त्यात मला हे जोडायचंय की तिच्या हातात फलक नव्हता. सारायेव्होच्या मुलींनी तो आणला, म्हणून तो फोटो आज आपण वर्गात दाखवतो.

वर्गशिक्षिका

सगळ्यांचे आभार. आज तास झाला. ताईंचं लिहिलेलं मी जवळजवळ तसंच वाचून दाखवलं, फक्त काकूंचा भाग वाचताना मला मध्ये थांबावं लागलं. मैत्रिणीच्या वडिलांचं ऐकून मुलगे बोलायला लागले, आईचं ऐकून मुली. वाद बराच झाला, मी होऊ दिला.

ती मुलगी तासाला काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ताई, तुमचा अंदाज खरा होता. स्नेहसंमेलनाच्या नाचात तिचं नाव होतं. आत्या म्हणाली, वर्ष व्हायचंय, लोक काय म्हणतील, तर तिनं ते मागे घेतलं. आईचं म्हणणं काय, विचारलं तर म्हणाली, "आई काहीच म्हणत नाही." मी तिच्या घरी जाऊन येणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

तिनं दोन प्रश्न विचारलेत, ते पोचवते. स्पर्धा जिंकलेली मुलगी वाचली का? आणि दुसरा, पाणी नव्हतं तर त्या केस कशा धूत होत्या?

उत्तरेकडची

वाचली. इनेला नोगिच तिचं नाव, तेव्हा १७ वर्षांची होती, म्हणजे तुमच्या वर्गातल्या मुलींएवढीच. पुढे ती नेदरलँड्सला गेली. माझी मैत्रीणही वाचली. १९९३ च्या उन्हाळ्यात विमानतळाच्या धावपट्टीखालून ८०० मीटरचा बोगदा तयार झाला होता, त्यातून ती आणि आई पुढच्या वर्षी वाकत वाकत बाहेर पडल्या. वडील मागे राहिले, ते नंतर आले.

केसांचं मी आज सकाळी मुद्दाम विचारलं, आणि तिनं सिंकपाशी उभं राहून मला करून दाखवलं. दीड लिटर पाणी. बाटलीत भरून उन्हात खिडकीशी ठेवायचं, खिडकीला काच नाही, संयुक्त राष्ट्रांचं प्लास्टिक. कोमट झालं की खाली परात घ्यायची. पहिला पेला केसांच्या मुळाशी, हळू, बोटांनी जिरवत. साबण थोडाच, कारण साबण जास्त झाला की धुवायला पाणी पुरत नाही. मग अर्धं पाणी बहिणीनं वरून बारीक धार धरून ओतायचं, एकीनं ओतायचं आणि दुसरीनं चोळायचं, एकटीला ते जमत नाही. शेवटच्या पेल्यात मदतीच्या पुड्यातलं व्हिनेगर मिळालं तर दोन थेंब, चमक येते म्हणून. परातीत साचलेल्या पाण्यात मोजे धुवायचे. मोज्यांचं पाणी फरशीला. फरशीचं बादलीत पिळून संडासात.

आणि केस वाळायच्या आत बहिणीची पाळी, कारण ऊन त्या खिडकीत दोनच तास असायचं.